अलीकडच्या उताराचं तेल

बुकारामांगा,
३ फेब्रुवारी १९९६

प्रिय एडिल्मा,

आधी बातमी आणि मग खुशाली, कारण माझ्या पोटात ती मावत नाहीये. तुमच्या तेलानं काम केलं!

एलिएसेरनं नोव्हेंबरात नदीपलीकडच्या उतारावरचा रानओरेगानो कापून आणला होता आणि तू तो तुझ्या तेलाच्या भट्टीत चढवला होतास, त्या तेलाबद्दल बोलतेय. आधी आम्ही ते यंत्रातून काढलं. तू कॉलेज सोडलंस तेव्हा गॅस क्रोमॅटोग्राफ अजून खोक्यातच होता, नाही का? आता तो माझ्या टेबलाशेजारी असतो. तेलातला एकेक घटक लांबलचक नळीतून सुटा होऊन बाहेर पडतो आणि कागदावर त्याचा सुळका उमटतो. तुमच्या तेलाचा कागद पाहिलास तर हसशील. मधोमध थायमॉलचा एकच उंच सुळका आणि आजूबाजूला बारक्या टेकड्या. अर्ध्याहून किती तरी जास्त तेल म्हणजे नुसतं थायमॉल!

मग मी ते आरिस्तिदेसला दिलं. हा आमच्याच विद्यापीठातला जीवशास्त्रज्ञ. समोरच्या इमारतीत तो चागास रोगाचे परजीवी बाटल्यांत वाढवतो, तुमच्याकडे मातीच्या भिंतींच्या भेगांत पितो किडे असतात ना, त्यांच्यातून माणसाच्या रक्तात शिरतात ते. त्यानं तेलाचा अगदी थोडा अंश घातला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सगळे निपचित. तो स्वतःच मला बोलवायला जिना चढून आला, आणि आरिस्तिदेस कुणासाठी जिना चढत नाही.

मार्चमध्ये मला ब्राझीलला, काम्पिनासला, हे सगळं मांडायला बोलावलंय. प्राध्यापक मांतिया म्हणाल्या, "जा, पण परत येईपर्यंत नव्या तेलावर तोच प्रयोग पुन्हा झालेला हवा. एकदा घडलेल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही." तेव्हा पुन्हा पाठवशील ना? त्याच पलीकडच्या उताराचं. मी इथे नसेन, म्हणून आबेलार्दोच्या बसनं थेट आरिस्तिदेसच्या नावानं पाठव, सीलबंद.

तुझं आणि एलिएसेरचं नाव मी निबंधाच्या आभारात टाकलंय. मावशीला नमस्कार. एलिएसेरला म्हणावं, डोंगर चढताना उगीच शर्यत लावल्यासारखा चढत जाऊ नकोस.

तुझी,
नुबिया

*

ला मेसेटा,
१४ फेब्रुवारी

प्रिय नुबिया,

आभारात! म्हणजे शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत, टायपिस्टच्या आणि फोटो काढणाऱ्याच्या मधे. अगं, केवढी कृपा! आईला वाचून दाखवलं तर तिला वाटलं तू आम्हाला चर्चच्या प्रार्थनेत घातलंस.

प्रात्यक्षिकाच्या वर्गात डोळ्यांवर रुमाल बांधून बाटल्या हुंगायला लावायचे, आठवतं? मी एकीवर अडले नाही कधी. तू टेबलाखालून माझ्या बुटाला बूट लावून उत्तर मागायचीस. थायमॉल आहे हे सांगायला मला तुझ्या टेबलाशेजारचं यंत्र लागत नाही. पलीकडचं पान चोळलं की डोळ्यांत पाणी येतं आणि जीभ बधिर होते. घरामागच्या उतारावरचा ओरेगानो दिसायला पानाला पान तसाच, पण त्याचं तेल मवाळ, मिऱ्याच्या आणि ओल्या लाकडाच्या वासाचं. आमच्या शेळ्या घरामागचा फडशा पाडतात आणि पलीकडच्याला तोंड लावत नाहीत.

आणि कॉलेज मी खोक्यातल्या यंत्राला कंटाळून सोडलं नाही. एलिएसेरशी लग्न करायला सोडलं, आणि ते तुझ्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नाही. तो ट्रक घेऊन शहरात यायचा, आपल्या खाणावळीच्या दारात शेळीचं चीज उतरवायचा, तेव्हा आधी तुझ्याशी बोलायचा. मला हेही आठवतं. मी सगळंच लक्षात ठेवते.

आता तूच मला एक सांग. माझा नवरा हल्ली सारखा शहरात का येतो? म्हणतो, पाण्याच्या पंपाचा भाग मिळत नाही. परवा निघाला तो निळा शर्ट घालून, लग्नाकार्याला घालतो तो. पंपाच्या दुकानात! परत आला तर म्हणे, "नुबियानं कॉफी पाजली."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय? कॉफी."

मग टोपी डोळ्यांवर ओढून झोपाळ्यात पडून राहिला. पूर्वी शहरातून आला की बसमधल्या प्रत्येकाची नक्कल करून दाखवायचा. आता मला सांगण्यासारखं काही उरत नाही, कुणाला तरी सांगून येत असावा.

तेल पाठवते. तू ब्राझीलला मिरवून ये.

एडिल्मा

*

काम्पिनास,
१२ मार्च

प्रिय एडिल्मा,

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. त्यातल्या अर्ध्या गोष्टींना मी उत्तर देणार नाही, कारण तू त्या रागात लिहिल्या आहेस आणि राग ओसरला की तूच हसशील. कॉफीबद्दल मात्र सांगते: विद्यापीठासमोरच्या ठेल्यावर, उभ्यानं, आणि फार वाईट कॉफी.

इथे सगळं स्वप्नासारखं चाललंय. माझं भाषण झालं. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापला, मग सुरळीत. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून म्हणाले, "हे तेल मला बघायचंय." ते इथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख निघाले! त्यांच्याकडे दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. एप्रिलअखेर दुसऱ्या प्रयोगाचा निकाल त्यांच्या हातात पडला की नाव नक्की, असं जवळजवळ म्हणालेच. इथे वनस्पतींच्या तेलांसाठी अख्खा मजला आहे, एडिल्मा! लवंग, दालचिनी, गवती चहा, आणि नावं माहीत नसलेल्या किती तरी अमेझॉनच्या साली. तुझ्या नाकाची फार आठवण झाली. खरंच.

एलिएसेर बरा आहे ना? झोप नीट लागते का त्याला? पलीकडे कापणीला त्याला एकट्याला पाठवू नकोस, ऊन फार असेल आता.

तुझी,
नुबिया

*

ला मेसेटा,
२६ मार्च

नुबिया,

बाटल्या आज बसनं गेल्या, सीलबंद. लेबलं मी स्वतः लिहिली. कापणीही मीच केली, एलिएसेरला नेलंच नाही. तुझा जीव कासावीस होत होता ना उन्हाच्या कल्पनेनं?

गंमत बघ, तू ब्राझीलला गेलीस आणि आमचा पंप आपोआप चालायला लागला. महिनाभर शहराचं नाव नाही. निळा शर्ट खुंटीवर.

माझ्या नवऱ्याची झोप हा माझ्या घरातला विषय आहे. तो तू इथेच राहू दे.

एडिल्मा

*

बुकारामांगा,
९ मे

एडिल्मा,

परजीवी मेले नाहीत. तू पाठवलेल्या तेलात ते मजेत पोहत होते. आरिस्तिदेसनं प्रयोग पुन्हा केला, मग मात्रा वाढवून पुन्हा. जवळजवळ काहीच परिणाम नाही. त्यानं जे दिसलं ते लिहिलं आणि मी परत यायच्या आत ठरल्याप्रमाणे काम्पिनासला कळवून टाकलं. शिष्यवृत्ती चिलीच्या एका मुलाला मिळाली. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मला फार सभ्य पत्र पाठवलंय, इतकं सभ्य की पुन्हा वाचवत नाही.

सोमवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, मांतियाबाईंनी विचारलं, "नुबिया, पहिल्या वेळचे आकडे तू स्वतः बघितलेस ना? मनानं रचले नाहीस ना?"

ज्या बाईनं मला बुरेट धरायला शिकवलं ती मला विचारत होती, मी खोटं लिहिलं का. शेजारी बसलेले विद्यार्थी वहीत बघत होते.

मग मी आरिस्तिदेसकडून उरलेली बाटली आणली आणि झाकण उघडलं. एडिल्मा, यंत्राची गरजच पडली नाही. मिरं आणि ओलं लाकूड. तरीही मी ते यंत्रातून काढलं, कारण तुझ्याशी भांडताना हातात कागद हवा होता. थायमॉलचा सुळका नाहीच, नावाला एक टेंगूळ. फेलँड्रिन, कॅरिओफायलिन आणि अशाच लहानलहान टेकड्यांची रांग. हे घरामागच्या उताराचं तेल आहे. आणि लेबलावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, 'नदीपलीकडचा उतार'.

चूक झाली असं लिहू नकोस. तुझं नाक चुकत नाही.

नुबिया

*

ला मेसेटा,
१६ मे

नुबिया,

चूक झाली असं लिहिणार नाही. मुद्दाम केलं.

दोरावरच्या पाळण्यात बसून नदी ओलांडायला मी निघाले होते, विळा नि पोती घेऊन. तुझं काम्पिनासचं पत्र एप्रनच्या खिशात होतं. 'झोप नीट लागते का त्याला.' तिथेच, पाळण्याच्या खांबाशी, मी ते पुन्हा वाचलं. चौदा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी झोपते. आणि त्याला झोप लागत नाही हे तुला माहीत होतं. ते खरं आहे, नुबिया, लागत नाही त्याला झोप, उशीला टेकून बसून राहतो. तुला कुणी सांगितलं? मी वळले आणि घरामागे जाऊन पोती भरली. भट्टी पेटवली, वाफ धरली, तेल वर आलं, तवंग काढला.

तुझ्याकडे यंत्र आहे, मजला आहे, पांढऱ्या केसांचे लोक आहेत. तू बोललीस की लोक वहीत उतरवून घेतात. मी पान चोळून जे सांगते त्याला आई 'हं' म्हणते आणि शेळ्या तेही म्हणत नाहीत. मी तुझ्यावर जळते का? जळते. तुझा पहिला निबंध छापून आला तेव्हा मी तो कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरला होता. तरी तेवढं गिळलं असतं मी. ते मी स्वतः निवडलं होतं, त्याच्यासाठी. आता तोही शहरात जाऊन तुझ्यापाशी बोलतो आणि घरी येऊन गप्प बसतो, तर मग माझ्याकडे काय राहिलं ते मला सांग.

शिष्यवृत्ती गेली याचं वाईट वाटलं असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. तो परत शहरात गेलाय आज, निळा शर्ट घालून.

एडिल्मा

*

बुकारामांगा,
१७ मे

एडिल्मा,

तुझं पत्र आबेलार्दोनं आज सकाळीच आणून दिलं; हे उत्तरही त्याच्याच हातात देतेय, आजच मिळावं म्हणून.

काल तो निळा शर्ट घालून आला आणि आम्ही गेलो हृदयरोगाच्या दवाखान्यात. दर वेळी तिथेच जातो. बाहेरच्या ठेल्यावर मी त्याला कॉफी पाजते, कारण त्याशिवाय त्याचे पाय जिना चढायला तयार होत नाहीत. मी नसले तर तो जातच नाही. मार्चमध्ये म्हणूनच गेला नव्हता.

गेल्या ऑगस्टमध्ये मित्राच्या ऑपरेशनसाठी तो रक्त द्यायला आला होता. रक्त घेतलं नाही. चागास निघाला. लहानपणापासून असणार, त्या घरात, त्या भिंतींत. परजीवी हृदयात जाऊन बसलाय. हृदय मोठं झालंय आणि ठोके चुकतात, मधेच थांबल्यासारखे होतात. आडवं झोपलं की त्याला गुदमरतं. परीक्षानळ्यांत मी तोच परजीवी का निवडला, हे आता तुला विचारावं लागणार नाही.

त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं की एडिल्माला कळता कामा नये. ते मी आज मोडलं. काल डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवायला हवा, लवकर, आणि तो म्हणाला, "बघू तंबाखूचं पीक निघाल्यावर." मी त्याच्याशी भांडून थकले. माझं तो ऐकत नाही.

तूही रक्त तपासून घे. आईचंही.

नुबिया

*

ला मेसेटा,
२ जून

नुबिया,

तुझं पत्र वाचलं तेव्हा तो अंगणात खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि शर्टाची बटणं काढून त्याच्या छातीला कान लावला. तो म्हणाला, "अगं, आई बघतेय."

"बघू दे. गप्प बस, मोजू दे मला."

ठोका. ठोका. मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले, नुबिया, मग पुन्हा ठोका. चौदा वर्षं त्या छातीवर डोकं ठेवलं आणि कधी नीट ऐकलंच नाही.

"नुबियानं सांगितलं," तो म्हणाला. प्रश्न नव्हता.

"तिला का सांगितलंस? मला का नाही?"

त्यानं सुई पट्ट्यात टोचून ठेवली. म्हणाला, "माझा बाप शेतात कोसळून गेला तेव्हा मी लहान होतो. त्याला आजार आहे हे कळल्या दिवसापासून माझी आई त्याच्याकडे बघायची ते मी बघितलंय. जेवायला वाढताना, दारातून जाताना. जिवंत माणसाकडे बघावं तसं नाही बघायची ती. तू तसं बघायला लागशील. ते मला सोसणार नव्हतं. नुबियानं कसंही बघितलं तरी मला काय फरक पडतो?"

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तुला मुद्दाम लिहितेय, त्याचे शब्द जसेच्या तसे: नुबियानं कसंही बघितलं तरी मला काय फरक पडतो.

पण तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. तो वाढलाय. ऑगस्टपासून तुला ठाऊक होतं. त्याचे कागद तू बघितलेस, त्याच्या छातीवर तारा लावल्या तेव्हा तू तिथे उभी होतीस, डॉक्टरनं 'लवकर' म्हटलं ते तू ऐकलंस. माझ्या नवऱ्याचं मरण तू नऊ महिने स्वतःपाशी ठेवून घेतलंस. वचन म्हणतेस त्याला? मी तुला ओळखते. वचन होतंच, पण ते पाळताना तुला गोड लागत होतं. त्याची एक गोष्ट अशी होती जी फक्त तुझी होती. नसेल तर नाही म्हण. उत्तर दे.

माझं आणि आईचं रक्त तालुक्याला जाऊन तपासलं. दोघींत काही नाही. त्याचा आजारसुद्धा माझ्या वाट्याला आला नाही बघ.

सोबत पेटी आहे. गुरुवारी मी पाळण्यातून पलीकडे गेले. दुपारपर्यंत कापलं, डोळे सुजले आहेत. तेल चाखून बघ, जीभ बधिर होईल. माफी मागत नाही. पण आरिस्तिदेसला सांग, आता यातही पोहून दाखवा म्हणावं त्या परजीवींना.

एडिल्मा

*

बुकारामांगा,
१९ जून

प्रिय एडिल्मा,

मेले. सगळे. आरिस्तिदेसनं मांतियाबाईंनाच सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "बस, चहा घे." त्यांच्याकडून याहून जास्त माफी कुणाला मिळालेली नाही.

मी दोन्ही तेलांचे कागद त्यांच्यापुढे शेजारीशेजारी ठेवले. झाड तेच, पान तेच, फूल तेच. मधे फक्त एक नदी, आणि दोन उतारांची तेलं एकमेकांना ओळखही देत नाहीत. एक मारतं, दुसरं मारत नाही. बाई म्हणाल्या, हाच निबंध आहे, आधीचा नव्हता. गोळा करताना उतार बदलला, एवढंच मी सांगितलं. कसा बदलला ते त्यांनी विचारलं नाही. या निबंधावर तुझं नाव माझ्या शेजारी येईल, आभारात नाही. तुझी हरकत असेल तर कळव, पण मी ऐकणार नाही.

आता ऐक, कारण हे तुला कुणीतरी सरळ सांगायला हवं. काचेतला परजीवी मारणं वेगळं आणि माणसाच्या हृदयात लपलेला वेगळा. या तेलाचं औषध झालंच तर कधी होईल मला माहीत नाही, आणि झालं तरी मोठं झालेलं हृदय त्यानं लहान होणार नाही. तू त्याला थेंब थेंब पाजायला लागशील अशी मला धास्ती आहे. पाजू नकोस. जठर आणि यकृत जाळशील त्याचं. त्याला पेसमेकर लागणार आहे. दुसरं काही नाही. दवाखान्यानं तीन जुलैची तारीख दिली आहे. त्याला घेऊन ये. तुझं ऐकेल तो. माझ्या घरी उतरा, मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात जाऊन राहीन.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर देत नाही.

नुबिया

*

ला मेसेटा,
२८ जुलै

प्रिय नुबिया,

आता तो बसतो, उठतो, अंगणापर्यंत चालतो. डाव्या खांद्याखाली पेसमेकरची ती छोटी पेटी कातडीखालून हाताला लागते. आई तिच्यावर क्रूस काढते. मी रोज कान लावते आणि तो रोज म्हणतो, "चालू आहे, बाई, बंद पडलं की कळवीन." शेजारच्या मेंढपाळाची नक्कल करायला लागलाय, त्या दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरचीसुद्धा. पलीकडचा डोंगर त्याला आता चढता यायचा नाही. तो तिकडे बघत बसतो तेव्हा मी आत काम काढते.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. एका भेगेतून पितो निघाला, जिवंत. मी चपलेनं मारला आणि बराच वेळ मारत राहिले.

आता दवाखान्यातल्या त्या सकाळबद्दल लिहिते. तोंडावर बोलता आलं नाही. आपण दोघी बाकावर बसलो होतो. तुझ्याकडे अख्खा पाव होता आणि तू त्याचा चुरा करत होतीस. दार उघडलं, नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "एलिएसेर रुएदाची बायको?"

आणि तू उठलीस.

माझ्या आधी. लगेच खाली बसलीस आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलीस. नर्सला काही कळलं नाही. मला कळलं. जूनच्या पत्रात तू जे उत्तर दिलं नव्हतंस ते मिळालं. आत जाताना माझ्या डोक्यात त्याच्यापेक्षा तूच होतीस, आणि त्याचा मला अजून राग येतो. वाटलं होतं, परत आल्यावर तुला असं काही बोलीन की तू आयुष्यभर विसरणार नाहीस. परत आले तर तू पर्स मांडीवर घेऊन तशीच बसली होतीस, चुरा सगळा झग्यावर.

निबंधाचा मसुदा वाचला. तेलाच्या वासाचं वर्णन तू चुकीचं लिहिलं आहेस, मी खोडून दुरुस्त केलंय. नाव माझं दुसरं टाक, चालेल. पण एलिएसेरचं नाव आभारातसुद्धा टाकू नकोस. ते माझ्या घरात आहे तेवढं पुरे.

ऑक्टोबरात पलीकडचं पुन्हा फुलेल. मांतियाबाईंना दर मोसमातलं तेल तपासायचंय म्हणतेस, तर ये. पाळण्यात तुझ्याबरोबर मी बसेन, आणि तू घाबरून किंचाळलीस तर मी हसणार. राहायला समोरची खोली देईन, गिलाव्याची. त्याची बाज आतल्या खोलीत आहे आणि त्या दाराची कडी माझ्या बाजूनं आहे, हे आधीच सांगून ठेवते. मी बदलले असं समजून येऊ नकोस.

एडिल्मा

ता. क. एक राहिलं. त्या सकाळी शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी मला माझ्या नावानं हाक मारली. मग विचारलं, "नुबिया बाहेर आहे का?" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "तिला सांग, काहीतरी खाऊन घे. ती काळजीत असली की खात नाही."

तेव्हा मी सांगितलं नाही तुला. आता सांगते. त्यानं तुला खाऊन घ्यायला सांगितलं होतं.